सुट्टी काढू नका, शनिवारची दुपार बास आहे

आपल्याकडे मजा करायची म्हणजे आधी लीव्ह टाकायची, मग व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा, मग त्या ग्रुपवर तीन महिने "कोण कोण येतंय नक्की" चालायचं, आणि शेवटी तारकर्लीला दोन रात्री राहून परत आलं की झोप काढायला अजून एक सुट्टी. ट्रिपांना माझा विरोध अजिबात नाही हां. पण वर्षातून एक-दोनदा मजा आणि मधले सगळे महिने ऑफिस, भाजी, मालिका, हा हिशोब काही मला पटत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एखादा शनिवार धरायचा, दुपारी निघायचं, रात्री जेवायला घरी. मी डोंबिवलीची, त्यामुळे माझी उदाहरणं सगळी मुंबईची, त्यातही दक्षिण मुंबईतल्या फोर्ट-काळा घोडाची, कारण तिथे सगळं चालत जाण्यासारखं आहे.

नियम एकच. एक खायचं, एक बघायचं, एक बसायचं. तिन्ही एकमेकांपासून चालत जाता आलं पाहिजे. चौथी गोष्ट घुसवायची नाही, कितीही मोह झाला तरी. "आलोच आहोत तर गेटवे पण करू" इथेच दुपारची वाट लागते, मग पाय दुखतात, मग चिडचिड, मग ओला-उबरचे चारशे रुपये.

शनिवारच का, रविवार का नाही? कारण रविवारी मेगाब्लॉक. आणि फोर्टातली बरीचशी खाण्याची ठिकाणं ऑफिसच्या गिऱ्हाइकावर चालतात, ती रविवारी शटर पाडून बसतात, तुम्ही उत्साहाने जाता आणि हाती काय तर थंड सँडविच. शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास सीएसएमटीकडे जाणारी गाडी पकडली तर बसायला जागा मिळते, अगदी खिडकीपण मिळू शकते. वेस्टर्नवाल्यांना चर्चगेट आहेच, आणि आता भुयारी मेट्रो थेट हुतात्मा चौकाला उतरवते म्हणजे अंधेरी-सीप्झवाल्यांची तर चंगळच आहे.

आता खाणं. आधी खायचं, मग बघायचं, उलटं करू नका. भुकेल्या पोटी चित्र बघणारा माणूस दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतो.

माझं पहिलं मत इराण्याला. धोबी तलावला मेट्रो थिएटरच्या समोर कयानी आहे, १९०४ पासूनचं. हे इराणी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातून, बरेचसे यझ्द-केरमान भागातून आलेले झोराष्ट्रियन लोक, त्यांनी मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावर हॉटेलं टाकली. कोपऱ्याची जागा आपले लोक अशुभ मानायचे म्हणून ती ह्यांना स्वस्तात मिळाली असं सांगतात. पण त्याचा फायदा बघा काय झाला, दोन बाजूंनी रस्ता, दोन्हीकडून उजेड, दोन्हीकडून वारा. म्हणून एसी नसताना पण तिथे बसावंसं वाटतं. घरी कोपरा सजवताना हे लक्षात ठेवा, पुढे येतेच त्याच्यावर.

ऑर्डर काय द्यायची. पहिल्यांदा जाणारे लोक मेनू बघून वेडे होतात आणि खिमा, अकुरी, कटलेट, पुडिंग सगळं एकदम मागवतात. नको. दोघांत एक बन मस्का, एक ब्रून मस्का आणि दोन चहा, एवढंच आधी मागवा. बन गोडसर आणि मऊ. ब्रूनचं कवच कडक, तो तसाच चावायला गेलात तर टाळू सोलवटतो, तो चहात बुडवायचा असतो. बुडवायचा पण अंदाज आहे, लोणी चहावर तेलासारखं तरंगायला लागलं की काढायचा, त्याच्यापुढे थांबलात तर अर्धा पाव कपाच्या तळाशी. चहा कडक हवा असेल तर "पानी कम" म्हणायचं. मग भूक उरली तर खिमा पाव, आणि निघताना एक मावा केक, कागदाच्या वाटीतला, वेलचीचा वास येतो तोच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाताना मान वर करा. संगमरवरी टॉपची टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, ह्यातलं काहीही कुठल्या डिझायनरने "व्हिंटेज लुक" म्हणून आणून ठेवलेलं नाही, ते तिथे पहिल्यापासून आहे आणि रोज पुसलं जातंय. आणि हो, गर्दी असेल तर बिल आल्यावर टेबल सोडा. रेंगाळायला पुढे भरपूर जागा आहेत.

शाकाहारी असाल किंवा पावाचं जेवण म्हणजे जेवण वाटत नसेल तर ठाकूरद्वारला विनय हेल्थ होमची मिसळ, किंवा वाटेत दादरला उतरून प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष. सासूबाईंना घेऊन जायचं असेल तर दादरच बरं, इराण्याकडे त्यांना "हे काय, नुसता पाव" असं होतं. कुठेही जा, त्या जागेचा जो एक पदार्थ लोक नाव घेऊन खातात तोच खा. मिसळवाल्याकडे जाऊन मंचुरियन मागवणाऱ्याला मी तरी बरोबर नेत नाही.

कयानीतून निघाल्यावर सरळ काळा घोड्याकडे चालत सुटायचं, आझाद मैदानाच्या बाजूने. मध्ये फॅशन स्ट्रीट लागते. मान खाली घालून पुढे जा. मी गंभीरपणे सांगतेय, तिथे एक कुर्ता बघायला थांबलात की दीड तास गेला आणि पुढचे चार तास हातात पिशव्या.

तिथून ओव्हल मैदान. ज्यांना "आर्ट वगैरे आपल्याला कळत नाही" असं वाटतं त्यांनी सुरुवात इथून करावी, फुकट आहे आणि कोणी परीक्षा घेत नाही. मैदानातून आरपार जाणारी एक पायवाट आहे, तिच्या मधोमध उभं राहायचं. क्रिकेटचा बॉल सांभाळून. पूर्वेकडे तोंड केलं की युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सगळ्या टोकदार कमानी, दगडात कोरलेली पानंफुलं, प्राणी. राजाबाई टॉवर १८७८ चा, व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव दिलं. आता पाठ फिरवून पश्चिमेकडे बघा, तर एकदम वेगळंच जग, १९३० च्या आसपासच्या आर्ट डेको बिल्डिंगा. गोल वळणाच्या बाल्कन्या, खिडक्यांवरून कोपऱ्याला वळसा घालून जाणारे सलग छज्जे, गेटवर सूर्यकिरणांची जाळी, आणि बिल्डिंगचं नाव असं काही झोकदार अक्षरात काढलेलं की आजच्या टॉवरवाल्यांनी लाजावं. पूर्वेकडच्या इमारती बांधल्या तेव्हा समुद्र इथून अगदी जवळ होता, मग बॅकबेच्या समुद्रात भर घालून जमीन काढली आणि त्या जमिनीवर ही पश्चिमेची रांग उभी राहिली. तोवर सिमेंट काँक्रीट आलं होतं, म्हणून त्या बाल्कन्या अशा गोल वळवता आल्या, दगडात ते परवडलं नसतं. म्हणजे तुम्ही उभे आहात त्याच्या एका हाताला दगडाचं शतक आणि दुसऱ्या हाताला काँक्रीटचं. दोन्ही मिळून २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेले. मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगायचं, तुला आवडलेल्या एका बाल्कनीचं चित्र काढ. फोटो नाही, चित्र. पाच मिनिटं शांतता मिळते हा बोनस.

मग आत कुठेतरी. तीन पर्याय देते, त्यातला एकच घ्या.

पहिला जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासून आहे, प्रवेश फुकट, सकाळी ११ ते संध्याकाळी ७, आणि प्रदर्शनं आठवड्याला बदलतात, त्यामुळे महिन्याने परत गेलात तर सगळं नवीन. इथली गंमत म्हणजे बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो, सांगली-नांदेड-कोलकाता कुठून कुठून आलेला, आणि लोक त्याच्याकडे न बघता चित्रांसमोरून मॉलमध्ये फिरल्यासारखे फिरून निघून जातात. त्याच्याशी बोला की. "ह्याचा अर्थ काय" हे विचारू नका, त्यावर तो बिचारा काय सांगणार. "हे कशात केलंय" विचारा, ॲक्रिलिक आहे का, वॉटरकलर आहे का, हा जाडसर थर कसा आणला, ह्याला किती दिवस लागले, की माणूस खुलतो. आपण अमुक घासून मग वरून चाकूने खरवडलंय असं त्याने सांगितलं की तेच चित्र तुम्हाला पुन्हा बघावंसं वाटतं, आणि मग दिसतं पण. किमतीची यादी टेबलावर असते ती बघितली म्हणजे घ्यावंच लागतं असं काही नाही, बिनधास्त बघा. शेजारी अभिप्रायाची वही असते, तिच्यात "व्हेरी नाईस" लिहिण्यापेक्षा कुठलं चित्र आवडलं ते लिहा. बाहेर फुटपाथवर पण चित्रकार चित्रं मांडून बसतात, तिकडेही चक्कर मारा. आतलं समोवार कॅफे २०१५ ला बंद झालं, त्याबद्दल हळहळणारे काका-काकू अजूनही तिथे भेटतात, त्यांना हळहळू द्या.

दुसरा पर्याय एनजीएमए, नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, रीगल थिएटरच्या जवळच. मूळ इमारत १९११ ची, सर कावसजी जहांगीर हॉल, सभा-मैफली व्हायच्या तिथे, १९९६ ला गॅलरी झाली. अर्धगोल जिन्याने एकेक मजला चढत घुमटाखाली पोचायचं. गुडघेदुखीवाल्या आईबाबांना नेण्याआधी जिन्याचा विचार करा. सोमवारी बंद.

तिसरा म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ ला लोकांसाठी उघडलेलं. हे आख्खं बघायला जाल तर मराल. एक दालन निवडा. मी लघुचित्रांचं सांगेन. आणि चाळिशी लागली असेल तर वाचायचा चष्मा घेऊन जा, ह्याच्याइतका उपयोगी सल्ला तुम्हाला कुठला गाईड देणार नाही. तळहाताएवढ्या चित्रात दागिन्यातला एकेक मोती वेगळा रंगवलेला असतो, आणि लोक चार फुटांवरून "हां, राजे-महाराजे" म्हणून पुढे जातात. नाक काचेला लागेल इतकं जवळ जा, हात मात्र मागे बांधून, गार्ड काही म्हणत नाही.

बघायची पद्धत कुठेही तीच. आधी सगळ्या दालनात एक भरभर चक्कर, कशासमोर पाय अडखळला तेवढं लक्षात ठेवायचं. मग त्या एकापाशी परत जाऊन दहा मिनिटं थांबायचं. पहिली दोन मिनिटं कंटाळा येतो, खरंच येतो, हात फोनकडे जातो. जाऊ द्यायचा नाही. पाचव्या मिनिटाला मागे कोपऱ्यात बसलेलं मांजर दिसतं.

पोरं लहान असतील तर हे सगळं सोडा आणि भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियमला जा, बाजूलाच राणीबाग आहे, दोन्ही बुधवारी बंद हे लक्षात ठेवा. म्युझियम १८७२ चं, आत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या छोट्या छोट्या मातीच्या मूर्ती आहेत, कोण कसली पगडी घालायचं, कोणता धंदा करायचं, मुलं त्यात रमतात. बाहेर एक दगडी हत्ती आहे, तो घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच. इंग्रजांनी १८६४ साली तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडून फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. आणि काळा घोडा ज्याच्यामुळे काळा घोडा झाला तो राजाच्या पुतळ्यातला घोडा, तो पण राणीबागेतच आहे १९६५ पासून. काळ्या घोड्याला आता जो उभा आहे तो २०१७ चा, त्याच्यावर राजा नाही.

आता बसणं. हे लोक सगळ्यात आधी कापतात, आणि माझ्या मते सगळी मजा ह्यातच आहे. बसायची चांगली जागा म्हणजे काय तर पाठीला टेका, डोक्यावर सावली, समोर माणसांची ये-जा, आणि कोणी "मॅडम अजून काही?" विचारणार नाही अशी. हॉर्निमन सर्कलची बाग ह्या चारही गोष्टीत पास होते. बेंजामिन हॉर्निमन म्हणजे बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक, गोरे असून स्वातंत्र्यचळवळीच्या बाजूने लिहायचे, त्यांचं नाव. बागेतून समोर एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या दिसतात, १८३३ चा टाऊन हॉल. पायऱ्यांवर ऊन उतरल्यावर बसायचं, त्याआधी बागेत. मरीन ड्राइव्ह मला पण आवडतो, पण मे महिन्यात चार वाजता त्या कट्ट्यावर बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, तिकडे सहानंतर.

पावसाळ्यात काय? डी. एन. रोड. सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत बिल्डिंगांच्या खालून कमानींचा रस्ता आहे, बरंचसं अंतर छत्री न उघडता जाता येतं, आणि धो-धो पावसात त्या कमानीतून बाहेर बघायला जे भारी वाटतं ते लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये वाटत नाही.

बसल्यावर काय करायचं हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. काही नाही करायचं. तिखटमिठाचे पेरू खा. बरोबरच्या माणसाशी बोला, ईएमआय आणि शाळेची फी सोडून.

आता घरचा कोपरा. एवढं सगळं बघून आल्यावर आपल्या वन बीएचकेत शिरलं की तो पांढराफेक ट्यूबलाइट डोळ्यात जातो ना, तिथूनच सुरुवात करा. हॉलमधला एक कोपरा धरा, शक्यतो खिडकीकडचा (इराण्याच्या दोन बाजूंच्या उजेडाची आठवण ठेवा), आणि ग्रिलमध्ये कोंबलेल्या कुंड्या, झाडू, जुना कूलर, सायकलचा पंप, हे सगळं काढा. खर्च नाही, फक्त भांडण होतं. मग बसण्याच्या उंचीवर एक पिवळा दिवा. बल्ब घेताना खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन किंवा वॉर्म व्हाइट लिहिलेलं बघा, ६५०० वाला दुकानदार आपण होऊन देतो तो घेऊ नका. एक गादी, एक लोड, पाठ भिंतीला. झालं.

भिंतीवर एकच चित्र. म्युझियमच्या दुकानातलं पोस्टकार्ड चालतं, पोराने काढलेली बाल्कनी तर धावेल. नाक्यावरच्या फ्रेमवाल्याला सांगा, चारी बाजूंनी दोन इंच माउंट, म्हणजे कोरा पुठ्ठा सोड, तो "कशाला मॅडम, काच वाया जाते" म्हणेल, ऐकू नका, छोट्या चित्राला मोकळी जागा दिली की ते चित्र दिसतं. आणि लावायचं खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर. आपल्याकडे सगळ्या फ्रेमा छताजवळ, देवाच्या फोटोच्या रांगेत लावतात, मग बघणार कोण, पाली. भाड्याचं घर असेल आणि मालक खिळा मारू देत नसेल तर कपाटावर नुसती टेकवून ठेवा, तेही छान दिसतं.

आणि शोकेसमधले कप काढा हो बाहेर. पाहुण्यांसाठी म्हणून वर्षानुवर्षं काचेमागे, आणि आपण कान तुटलेल्या मगात चहा पितो. पाहुणे आले तरी ते कप निघत नाहीत, कारण "धुवायला लागतील". रोज वापरा, फुटला तर फुटला.

घरी खाण्याचा भाग हवाच असेल तर पियूष सोप्पं आहे. पाव किलो साधं श्रीखंड, दोन-अडीच वाट्या ताजं, आंबट नसलेलं ताक, चिमूटभर जायफळ, दुधात भिजवलेल्या केशराच्या काड्या. रवीने घुसळायचं, मिक्सर नको, नाहीतर वर लोणी येतं. घट्टच पाहिजे पण चमच्याने खायला लागेल इतकं नाही. तासभर फ्रिजमध्ये.

मुंबईबाहेरच्यांनी रुसू नका, सूत्र तेच. पुण्यात राजा केळकर म्युझियम, तिथला मस्तानी महाल एवढंच बघा आणि बाकी पुढच्या वेळी. कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियम आणि मग रंकाळा, मिसळ कुठली ह्यावर मी बोलणार नाही, मला कोल्हापुरात परत जायचंय. नागपुरात अजब बंगला म्युझियम, १८६३ चं, आणि त्याआधी तर्री पोहे. पणजीत फोंतेन्हास ही जुनी वस्ती नुसती चालत फिरा, गल्लीतल्या लोकांच्या दारात जाऊन फोटो काढत बसू नका, ती राहती घरं आहेत.

खर्चाचं म्हणाल तर बेस्टची साधी बस आता १० रुपयांपासून आहे, एसी १२ पासून, लोकलचा पास असतोच, जहांगीर आणि ओव्हल फुकट, म्हणजे मुख्य खर्च खाण्याचा. फोनचं बघा, मी तीन फोटोंवर थांबते, त्यातला एक बन मस्क्याचा जातोच. बरोबर एकच माणूस न्या, फार तर दोन, पाच जण झाले की प्रत्येक सिग्नलला मतदान घ्यावं लागतं. एकटं गेलात तर उत्तमच, फक्त पाण्याची बाटली आणि छत्री घ्या. आणि परतताना सीएसएमटीवरूनच सुटणारी गाडी पकडा, मस्जिद-भायखळ्याला चढायच्या भानगडीत पडू नका, इंडिकेटर बघून डोंबिवली लोकल धरा, कर्जत-कसारा फास्टमध्ये घुसून डोंबिवलीला उतरायला गेलात तर दारातली माणसं काय काय ऐकवतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.